वाचकांचे प्रश्न : गेलेल्या खेळाडूचा हिशेब

प्रश्न (रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक वाचक, भुसावळ) : माझा मुलगा अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नोकरीस आहे. दिवाळीत घरी आला असताना तो तेथील फुटबॉल संघाची एक हकीकत सांगत होता. संघाने आपल्या मुख्य खेळाडूला काढून टाकले, तो लगेच दुसऱ्या संघात रुजू झाला, आणि तरीही त्याच्या नावावरचे साडेआठ कोटी डॉलर पहिल्याच संघाच्या खात्यावर दोन वर्षे पडत राहिले. मी उभी हयात पगारपत्रके तपासण्यात घालवली. नोकरीवरून गेलेल्या माणसाचे नाव पुढच्या पत्रकात दिसले असते, तर आमच्याकडे चौकशी लागली असती. हा नेमका काय प्रकार आहे?

उत्तर : हकीकत खरी आहे. खेळाडू रसेल विल्सन, संघ डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि महिना मार्च 2024. आपली अडचण एवढीच होते आहे की आपण पगारपत्रक डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब वाचत आहात, आणि तो पगारपत्रकाचा हिशेब नाही. संघाने रोख किती दिली ही एक वही आणि लीगने ठरवून दिलेल्या मर्यादेत किती रक्कम धरली ही दुसरी वही. या दोन वह्या क्वचितच एकाच वेळी एकच आकडा दाखवतात.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला आडवे पाडण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. त्याच्या मुख्य लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत आणि हंगामात प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत 53 खेळाडू असतात. या सर्वांवर मिळून एका वर्षात किती रक्कम धरता येईल याला 1994 पासून मर्यादा आहे. तिला तेथे सॅलरी कॅप म्हणतात. आपण वेतनमर्यादा म्हणू. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2024 मध्ये 25 कोटी 54 लाख झाली आणि 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. ती सर्व संघांना सारखी असते. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारानुसार लीगच्या उत्पन्नाचा जो वाटा खेळाडूंकडे जायचा असतो, त्यावरून हा आकडा ठरतो. म्हणून दूरचित्रवाणीचे हक्क महाग विकले गेले की मर्यादाही वर चढते.

आता आपल्या प्रश्नाचे मूळ. खेळाडूच्या करारात मुख्यतः दोन प्रकारचे पैसे असतात. मूळ वेतन ज्या वर्षाचे असेल त्याच वर्षाच्या मर्यादेत धरले जाते. करारावर सही करताना दिला जाणारा साइनिंग बोनस मात्र खेळाडूच्या हातात लवकर पडतो आणि मर्यादेच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. एनएफएलमधील बहुतेक करारांत पुढच्या वर्षांचे सगळे मूळ वेतन हमीचे नसते, संघाने खेळाडूला सोडले की बिनहमीचे वेतन तेथेच संपते. त्यामुळे खेळाडू कराराच्या एकूण आकड्यापेक्षा बोनस आणि हमी यांकडे जास्त लक्ष ठेवून असतो. वर्तमानपत्रात छापून येतो तो एकूण आकडा पुष्कळदा पूर्ण हातात पडतच नाही.

माझ्या वडिलांची एक लाल कापडी बांधणीची वही अजून माझ्याजवळ आहे. तापीकाठी आमची थोडी शेती होती आणि आपल्याकडील रिवाजाप्रमाणे सालदाराचे साल आखाजीला ठरत असे. ठरताना सालदार उचल घेई. एका वर्षीच्या पानावर उचल 600 रुपये अशी नोंद आहे आणि खाली बारा महिन्यांच्या बारा ओळी, प्रत्येकीपुढे 50. पैसे आखाजीच्या दिवशीच गेलेले होते. वडील ते महिन्यामहिन्याने फेडून घेत होते, म्हणजे खरे तर फक्त लिहीत होते. चार ओळींपुढे टिंबे आहेत. पोळ्यानंतर टिंबे थांबतात आणि त्याच खालच्या ओळीत वडिलांच्या बारीक अक्षरात लिहिलेले आहे, 'गेला. बाकी 400.' पुढच्या आठ ओळी एका रेघेने छेदून ती रक्कम त्यांनी त्याच वर्षीच्या खर्चात टाकली.

एनएफएलमध्ये ज्याला डेड मनी म्हणतात, ते हेच 'गेला, बाकी 400' आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की आमचा सालदार स्वतः गेला होता आणि तेथे संघच खेळाडूला काढतो. म्हणून परत मागण्याचा प्रश्नच येत नाही. खेळाडू संघाच्या यादीतून गेला की त्याच्या बोनसचे जे वार्षिक भाग अजून वहीत धरायचे राहिले असतील, ते सगळे गोळा होऊन एकदम अंगावर येतात.

विल्सन यांचा आकडा याच रीतीने फोडता येतो. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांच्याशी पाच वर्षांचा 24 कोटी 50 लाख डॉलरचा वाढीव करार झाला. तो 2024 पासून लागू व्हायचा होता, परंतु 5 कोटींचा साइनिंग बोनस आधीच देऊन झाला होता. दर वर्षी 1 कोटी याप्रमाणे दोन वर्षे धरून झाली आणि 3 कोटी उरले. 2023 मध्ये आणखी 2 कोटींचा बोनस दिला गेला, त्यातले दर वर्षीचे 40 लाख एकदाच धरले गेले आणि 1 कोटी 60 लाख उरले. ही झाली 4 कोटी 60 लाखांची जुनी बाकी. याशिवाय 2024 सालासाठी 3 कोटी 90 लाखांची हमी दिलेली होती, ती खेळाडू असो वा नसो द्यावीच लागणार होती. बेरीज साडेआठ कोटी. म्हणजे आपल्या मुलाने सांगितलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग पूर्वीच दिलेल्या पैशांचा होता आणि चालू पगार म्हणता येईल असा भाग निम्म्याहून कमी.

दोन वर्षांत विभागणी झाली ती 1 जूनच्या नियमामुळे. या तारखेनंतर खेळाडू सोडला, तर चालू वर्षाचा भाग त्या वर्षात आणि उरलेला सगळा पुढच्या वर्षात धरता येतो; आणि दर वर्षी दोन खेळाडूंना आधीच सोडूनसुद्धा '1 जूननंतर सोडले' असे दाखवण्याची संघाला मुभा असते. डेन्व्हरने तीच वापरली. 2024 मध्ये 5 कोटी 30 लाख आणि 2025 मध्ये 3 कोटी 20 लाख अशी वाटणी झाली. 2024 च्या मर्यादेचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग त्या वर्षी मैदानात नसलेल्या माणसाने अडवला होता. पिट्सबर्ग संघाने मात्र त्याच वर्षी विल्सन यांना अनुभवी खेळाडूच्या किमान वेतनात, म्हणजे 12 लाख 10 हजार डॉलरमध्ये, घेतले. हमीची बाकीची रक्कम डेन्व्हर भरत असल्याने त्यांना जास्त देण्याचे कारणच नव्हते. आपल्या मुलाने कदाचित हेही सांगितले असेल की एवढे ओझे असतानाही डेन्व्हरचा संघ नवख्या खेळाडूला घेऊन त्या हंगामात बाद फेरीत पोहोचला.

प्रश्न (एका विकास सोसायटीचे संचालक, रावेर तालुका) : माझा भाचा हा खेळ पाहतो. त्याच्याकडून असे कळले की अमेरिकेतील संघ दर मार्च महिन्यात खेळाडूंच्या करारांची पुनर्रचना करतात आणि कोट्यवधी डॉलरची जागा मोकळी करतात. मार्च महिना म्हटल्यावर मला आमच्या सोसायटीतील नवं-जुनं आठवले. हा तोच प्रकार नाही का? आणि यात खेळाडूचे नुकसान होत असेल तर तो सही का करतो?

उत्तर : आपण साम्य अचूक पकडले आहे, पण अर्धेच. मार्चचा योगायोग खरा आहे. एनएफएलचे नवे वर्ष मार्चच्या मध्यावर सुरू होते आणि त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावा लागतो. त्यामुळे त्या आधीच्या पंधरवड्यात तेथील कार्यालयांत जी धावपळ चालते ती आपल्या सचिवांना ओळखीची वाटेल.

नव्या-जुन्यात काय होते, हे आपणास मी सांगावे असे नाही, पण शहरातील वाचकांसाठी दोन वाक्ये लिहितो. केळीचा घड अजून झाडावर आहे, भाव पडलेला आहे, आणि पीककर्ज 31 मार्चपूर्वी भरले नाही तर खाते थकीत होऊन व्याजाची सवलत जाते. मग शेतकरी चार दिवसांसाठी हातउसने आणतो, एका हाताने जुने कर्ज भरतो, दुसऱ्या हाताने नवे उचलतो आणि हातउसने परत करतो. या सगळ्या फिरवाफिरवीत त्याच्या खिशात एक रुपयाही राहत नाही. कर्ज तेवढेच राहते, नोंदीची तारीख मात्र नवी होते.

एनएफएलच्या पुनर्रचनेतही नोंद पुढे ढकलली जाते, येथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु तेथे पैसा खरोखर हलतो, आणि उलट्या दिशेने हलतो. खेळाडूला जे वेतन पुढे हंगाम सुरू झाल्यावर हप्त्याहप्त्याने मिळायचे असते, त्यातला मोठा भाग बोनसमध्ये बदलून त्याला लवकर दिला जातो. पैसा अलीकडे येतो आणि हिशेब पलीकडे जातो. नवं-जुनं करणाऱ्या शेतकऱ्याकडे रोख नसते म्हणून तो नोंद फिरवतो. पुनर्रचना करणाऱ्या संघाकडे रोख भरपूर असते, त्याच्याकडे नसते ती फक्त वहीतली जागा.

एक उदाहरण मांडतो. आकडे सोयीसाठी मी घेतलेले आहेत, रीत तेथलीच आहे. एका खेळाडूच्या कराराची चार वर्षे उरली आहेत आणि या वर्षीचे त्याचे मूळ वेतन 1 कोटी 72 लाख डॉलर आहे. त्याच्या अनुभवाला नियमाने जे किमान वेतन द्यावे लागते ते 12 लाख धरू. संघ तेवढे वेतन ठेवतो आणि उरलेल्या 1 कोटी 60 लाखांचे नाव बदलून ते साइनिंग बोनस करतो. नाव बदलताच वहीतला नियम बदलतो. आता ही रक्कम चार वर्षांवर वाटली जाते, दर वर्षी 40 लाख. या वर्षी वहीत 12 अधिक 40, म्हणजे 52 लाख धरले जातात. आधी 1 कोटी 72 लाख होते. 1 कोटी 20 लाखांची जागा मोकळी झाली आणि त्या जागेत दुसरा एखादा चांगला खेळाडू बसवता येतो. मात्र पुढच्या तिन्ही वर्षांत या खेळाडूच्या नावापुढे 40 लाख जास्तीचे चढले. तीन वेळा 40, पुन्हा 1 कोटी 20 लाख. एक डॉलरही कमी झालेला नाही, हे आपण सोसायटीच्या ताळेबंदावर सह्या करणारे गृहस्थ असल्याने लगेच जोखाल.

हाच खेळाडू वर्षभराने सोडावा लागला, तर ते 1 कोटी 20 लाख एकदम अंगावर येतील. 1 जूनचा नियम वापरला, तर 40 लाख त्या वर्षी आणि 80 लाख पुढच्या वर्षी. मागच्या उत्तरातील डेन्व्हरची गोष्ट ती हीच.

खेळाडू सही का करतो? कारण त्याचे काहीच जात नाही. पैसे तेवढेच राहतात, लवकर मिळतात आणि एकदा मिळाले की दुखापत झाली किंवा संघाची मर्जी फिरली तरी परत जात नाहीत. शिवाय पुढच्या वर्षी त्याला काढणे संघाला अधिक महाग पडते, हा न लिहिलेला फायदा वेगळाच. पुष्कळ करारांत तर वेतन बोनसमध्ये बदलण्याचा अधिकार संघाला आधीच दिलेला असतो, त्यासाठी खेळाडूची नव्याने संमतीही लागत नाही. आपल्याकडे बातम्यांत 'अमुक खेळाडूने संघासाठी त्याग करून करार बदलला' असे भाबडेपणाने लिहिलेले दिसते तेव्हा मला हसू येते. पुढचा पगार आगाऊ घेण्याला आपण त्याग म्हणत नाही. खेळाडूने खरोखर कमी पैसे घेणे ही वेतनकपात आहे, ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी खेळाडूला बसवून समजावावे लागते.

आता यातला एक भाग असा आहे की जो आपल्या सोसायटीच्या लेखापरीक्षकाने पाहिला असता तर चष्मा काढून पुसला असता. बोनस पाच वर्षांपर्यंत वाटता येतो, पण कराराची वर्षे तीनच उरली असतील तर? मग संघ करारात आणखी दोन वर्षे लिहितो. ती वर्षे खेळण्यासाठी नसतातच. ठरलेल्या तारखेला करार आपोआप संपेल असे त्याच कागदावर लिहिलेले असते. त्यांना तेथे व्हॉइड इयर्स म्हणतात, मी त्यांना पोकळ वर्षे म्हणतो. वरच्या उदाहरणात एक पोकळ वर्ष जोडले तर 1 कोटी 60 लाखांचे पाच भाग होतील, दर वर्षी 32 लाख, आणि या वर्षीची मोकळी जागा 1 कोटी 20 लाखांवरून 1 कोटी 28 लाखांवर जाईल. करार संपण्याच्या दिवशी पोकळ वर्षाचा भाग मात्र डेड मनी होऊन समोर उभा राहतो.

टॉम ब्रेडी यांचे उदाहरण यासाठी नेहमी देतात. टँपा बे संघाने फेब्रुवारी 2021 मध्ये अजिंक्यपद जिंकले आणि त्याच संघाचे सुरुवातीला उतरणारे सर्वच्या सर्व 22 खेळाडू पुढच्या हंगामासाठी टिकवले, जे मर्यादेच्या जमान्यात जवळजवळ अशक्य मानले जाते. हे जमले ते ब्रेडी यांच्यासह अनेकांच्या करारांत पोकळ वर्षे लिहून. ब्रेडी 2023 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाले आणि त्या वर्षीच्या वहीत त्यांच्या नावावर 3 कोटी 51 लाख डॉलर पडले. घरी बसलेल्या माणसाच्या नावावर. तरीही माझे मत विचाराल तर टँपा बेने केले ते शहाणपणाचे होते. त्यांनी जागा विकत घेतली ती अशा वर्षात, की ज्या वर्षात संघ खरोखर जिंकण्याच्या स्थितीत होता.

प्रश्न (फुटबॉलचे एक चाहते, धुळे) : अमेरिकन फुटबॉलचे राहू द्या. मेस्सीचे काय झाले? बार्सिलोनाला करार फिरवून त्याला ठेवता आले नसते का? आणि आयपीएलमध्ये असे काही का ऐकू येत नाही?

उत्तर : स्पेनच्या लीगमधील मर्यादा सर्व क्लबांना सारखी नसते, ती त्या त्या क्लबच्या उत्पन्नावरून ठरते. महासाथीत बार्सिलोनाचे उत्पन्न आटले आणि मर्यादाही खाली आली. लिओनेल मेस्सी यांचा करार 30 जून 2021 रोजी संपला होता. नव्या कराराची बोलणी झाली होती, पण लीगच्या नियमांमुळे तो नोंदवता येत नाही असे क्लबने 5 ऑगस्ट रोजी जाहीर केले. पुढच्या काही दिवसांत जेरार्ड पिके यांनी आपले वेतन कमी करून घेतले, तेव्हा कोठे मेम्फिस डेपाय आणि एरिक गार्सिया या नव्या खेळाडूंची नोंदणी होऊ शकली. वर म्हटलेली खरी वेतनकपात ती ही.

युरोपातील क्लबांनी वर्षांवर वाटण्याची युक्ती वेतनापेक्षा खेळाडूच्या खरेदी किमतीसाठी अधिक वापरली. जानेवारी 2023 मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझ यांच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला तो यासाठीच, कारण किंमत जितक्या वर्षांवर वाटावी तितका वर्षाचा भार हलका दिसतो. युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याच वर्षी अशा वाटपाला पाच वर्षांची मर्यादा घातली. अमेरिकेतही आकडा पाचच आहे, हे मला गमतीचे वाटते.

आयपीएलचे उत्तर एका ओळीचे आहे. तेथे ज्या वर्षाची किंमत त्याच वर्षाच्या थैलीतून जाते. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते, लखनऊने त्यातले 27 कोटी ऋषभ पंत यांच्यावर लावले. उद्या एखाद्या संघाने असा खेळाडू सोडला तर त्याची पूर्ण रक्कम पुढच्या लिलावासाठी थैलीत परत येते. पुढे ढकलायला तेथे वहीत पुढचे पानच नाही.

प्रश्न (वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी, शहादा) : नोंद दर वर्षी पुढे ढकलता येत असेल, तर ही मर्यादा नावालाच आहे असे म्हणायचे का? सगळेच संघ सगळेच पैसे पुढे का ढकलत नाहीत? शक्य असल्यास सोडवण्यासाठी एखादे खरे उदाहरण द्यावे.

उत्तर : तुमच्या वयात मलाही हीच शंका आली असती. मर्यादा नावाला नाही. ती रक्कम अडवत नाही, काळ अडवते. कोणत्याही एका वर्षात मर्यादेहून कितीतरी अधिक रोख देता येते, परंतु दिलेला प्रत्येक डॉलर कधी ना कधी वहीत धरावाच लागतो. त्यातून सुटका नाही आणि मध्येच करार मोडून पाहिले तर राहिलेले भाग एकदम येतात, हे वर आलेच आहे.

तरीही पुढे ढकलण्यात फायदा आहे आणि तो साधा आहे. मर्यादा वाढत जाते. वरच्या उदाहरणातील 40 लाखांचा भाग 2021 च्या मर्यादेत, म्हणजे 18 कोटी 25 लाखांत, शेकडा 2.2 होतो, तोच भाग 2025 च्या 27 कोटी 92 लाखांत शेकडा 1.4 उरतो. या उसनवारीला व्याज लागत नाही आणि फेडीच्या वेळी रक्कम आपोआप हलकी झालेली असते. असे कर्ज रावेरच्या संचालकांना मिळाले असते तर त्यांनी मागचे पत्र मला लिहिलेच नसते.

धोका असा की मर्यादा दर वर्षी वाढेलच असा करार देवाशी झालेला नसतो. 2020 मध्ये ती 19 कोटी 82 लाख होती आणि 2021 मध्ये, महासाथीत स्टेडियम रिकामी राहिल्यामुळे, 18 कोटी 25 लाखांवर घसरली. ज्यांनी पुढच्या वर्षांवर भरपूर लिहून ठेवले होते त्यांची पंचाईत झाली. न्यू ऑर्लीन्स सेंट्स हा संघ त्या वर्षीच्या सुरुवातीला मर्यादेच्या सुमारे 10 कोटी डॉलर वर होता. त्यांचे ज्येष्ठ खेळाडू ड्रू ब्रीझ यांनी निवृत्त होण्यापूर्वी आपले त्या वर्षीचे अडीच कोटींचे वेतन किमान पातळीवर, 10 लाख 75 हजारांवर, आणू दिले. बाकीच्या खेळाडूंचे करार एकामागून एक फिरवले गेले आणि संघ वेळेत मर्यादेच्या आत आला. कागदावर ही कामगिरी थक्क करणारी होती. पण पुढच्या वर्षीही तेच करावे लागले, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि 2021 ते 2024 या चार हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही. फिरवता येतील असे करार मोठ्या वेतनाच्या खेळाडूंचेच असतात, ते बहुतेक वयाने वाढलेले असतात, आणि करार फिरवला की त्यांना सोडता येत नाही. मग संघ जुना होत जातो आणि जुना होत जातो म्हणून पुन्हा फिरवावा लागतो.

फिलाडेल्फियाचा संघही याच युक्त्या वापरतो, किंबहुना अधिक मोकळ्या हाताने वापरतो. 2023 मध्ये जेलन हर्ट्स यांच्याशी झालेल्या साडेपंचवीस कोटींच्या करारात मूळ वेतन नाममात्र ठेवून बोनस आणि पोकळ वर्षे यांचीच मांडणी आहे. त्या संघाने फेब्रुवारी 2025 मध्ये अजिंक्यपद जिंकले. हर्ट्स करारावर सही करताना 24 वर्षांचे होते. न्यू ऑर्लीन्स आणि फिलाडेल्फिया यांच्या वह्यांत रीत एकच आहे, नावे कोणाची लिहिली आहेत यात फरक आहे.

सगळेच संघ सगळेच पैसे पुढे का ढकलत नाहीत, याचे आणखी एक कारण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. वेतन बोनसमध्ये बदलले की तेवढ्या रकमेचा धनादेश मालकाला हंगामाची वाट न पाहता द्यावा लागतो. मर्यादा सर्वांना सारखी असली तरी तिजोऱ्या सारख्या नसतात.

उलट बाजूची एक गंमतही लक्षात ठेवा. 2010 या एका वर्षी, मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील जुना करार संपत आल्याने, मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलस या संघांनी ती संधी साधून आपल्या करारांचा भार त्या मोकळ्या वर्षातच टाकून घेतला, म्हणजे पुनर्रचनेच्या नेमके उलट केले. 2012 मध्ये लीगने वॉशिंग्टनच्या मर्यादेतून 3 कोटी 60 लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून 1 कोटी डॉलर, दोन वर्षांत मिळून, कापून घेतले. भार पुढे ढकलणाऱ्यांना मोकळीक आणि आधी उरकणाऱ्यांना दंड, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

सोडवण्यासाठी उदाहरण. कॅन्सस सिटीचे पॅट्रिक महोम्स यांनी 2020 मध्ये दहा वर्षांचा वाढीव करार केला होता. मार्च 2021 मध्ये, मर्यादा घसरलेल्या त्याच वर्षी, संघाने त्यांचा सुमारे 2 कोटी 17 लाख डॉलरचा रोस्टर बोनस, म्हणजे ठरलेल्या दिवशी संघाच्या यादीत असल्याबद्दल मिळणारा बोनस, जो संपूर्ण त्या वर्षातच धरावा लागला असता, साइनिंग बोनसमध्ये बदलला. त्या वर्षी किती जागा मोकळी झाली? कराराची वर्षे दहाहून अधिक उरली होती म्हणून दहाने भागू नका. वाटप किती वर्षांपर्यंत चालते ते पहिल्या उत्तरात दिले आहे. तुमचे उत्तर 1 कोटी 73 लाख 60 हजारांच्या आसपास यायला हवे.